सहा वर्षं हरवलेला नवरा

११ डिसेंबर, बुधवार

ही वही हॉस्पिटलच्या नर्सने दिली. पेशंटला एक वेगळी दिली आहे, रोज काय खाल्लं, काय आठवलं ते लिहायला. ही दुसरी तिने माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, घरच्यांनाही कुठेतरी मन मोकळं करावं लागतं. मला मन मोकळं करायची सवय नाही. मी शाळांच्या जेवणाच्या स्वयंपाकघरात काम करते, रोज सहाशे मुलांचं जेवण. तिथे आम्ही लिहितो ते गाजर किती किलो आणि सूप किती गरम होतं एवढंच. तर तसंच लिहिते.

कियोताका, माझा नवरा, वय पंचेचाळीस. चष्म्याच्या फ्रेम बनवणाऱ्या कारखान्यात पॉलिशचं काम करतो. आमच्या साबाए गावात दर तिसरा माणूस चष्म्यांचंच काहीतरी करतो. गेल्या मंगळवारी, तीन तारखेला सकाळी, स्टेशनजवळच्या पुलाच्या पायऱ्यांवर दंव होतं, त्यावरून घसरून पडला. हाड मोडलं नाही. डोक्याला सात टाके. बोलतो, चालतो, जेवतो. फक्त शेवटची सहा वर्षं त्याच्या डोक्यातून गेली आहेत, आणि आमच्या लग्नाला झाली पाच. मी खोलीत गेले तर अंथरुणात उठून बसला, मला वाकून नमस्कार केला आणि सासूबाईंना विचारलं, "या कोण?"

आता खरं ते लिहिते. स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये घटस्फोटाचा अर्ज आहे. माझी सही, त्याची सही, दोघांचे नावाचे शिक्के, साक्षीदार म्हणून माझी बहीण आणि माझ्या कामावरची ओकी-सान. नगरपालिकेच्या खिडकीवर नेऊन दिला की संपलं, कोर्टाची पायरीसुद्धा चढावी लागत नाही. २८ नोव्हेंबरला मी तो त्याच्यापुढे ठेवला. तो "हं" म्हणाला आणि पेन घेतलं. रेल्वेने तासाभरावरच्या कानाझावा शहरात, नव्या शाळा-स्वयंपाकघरात मला मुख्य म्हणून बोलावलं तेव्हाही असंच, "जायचं तर जा." पाच वर्षं मी या माणसाच्या तोंडातून शब्द निघायची वाट बघितली. कायम तोंडात मिठाची गुळणी. सही करताना तरी हात जरा अडखळेल असं मला वाटलं होतं, पण नाही.

अर्ज लगेच दिला नाही, कारण २१ तारखेला सासऱ्यांच्या दुसऱ्या वर्षाचा विधी आहे. नातेवाईक जमणार, त्यांच्यासमोर शोभा कशाला, ते झालं की देऊ असं दोघांनी ठरवलं. आता डॉक्टर म्हणतात, धक्का बसेल असं काही सांगू नका. ठीक आहे, नाही सांगत.

१५ डिसेंबर, रविवार

आज घरी आणलं. स्वतःच्या घरात चपला कुठे काढायच्या ते मला विचारलं. संडास कुठे ते विचारलं. मागच्या खोलीत त्याचं अंथरूण घातलं तर म्हणाला, "चिगुसा-सान, तुम्हाला उगीच त्रास." पाच वर्षं मला "ए" म्हणायचा, आता नावाला मानाचं 'सान' लावतो.

१८ डिसेंबर, बुधवार

त्याच्या कारखान्याचे मालक संत्र्यांची पेटी घेऊन आले. चहा पिता पिता म्हणाले, त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून त्याने अर्धा दिवस सुट्टी मागितली होती. ते गेल्यावर डॉक्टरकडे फोन केला. तीन तारखेला तिथे याचं नावच नव्हतं.

म्हणजे खोली बघायला गेला असणार. पुलापलीकडे भाड्याच्या खोल्यांचं ऑफिस आहे. सही होऊन पाचच दिवस झाले होते आणि साहेबांची एवढी घाई. आता त्याला विचारूही शकत नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

विधी पार पडला. लिहावंसं वाटत नाही आणि लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

वडील गेले हे त्याला मागच्या आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं होतं. तेव्हा गप्प राहिला, मला वाटलं नेहमीसारखाच. पण आज भटजींचे मंत्र म्हणून झाले, उदबत्ती लावायला तो पुढे गेला आणि फोटोसमोर ओक्साबोक्शी रडायला लागला. आम्हा सगळ्यांचं दुःख दोन वर्षं जुनं, त्याचं आठ दिवसांचं. काका, मामा सगळे खाली बघत बसले.

मग डोळे पुसून त्याने आईला विचारलं, बाबा किती दिवस अंथरुणात होते, मी होतो का जवळ. सासूबाई पडल्या सरळ बाई, म्हणाल्या, "चौदा महिने. तू कारखान्यात असायचास. सगळं चिगुसाने केलं. भरवणं, पुसणं, रात्रीचं उठणं." तो माझ्याकडे वळला. वीस माणसांसमोर त्याने जमिनीला कपाळ टेकवलं आणि म्हणाला, "मला आठवत नाही, त्यामुळे उशीर झाला. बाबांचं केलंत, तुमचे फार उपकार आहेत."

मी चहाचे पेले आणायला म्हणून आत गेले आणि नळ सोडून रडले. दोन वर्षं याच एका वाक्यासाठी मी आतून जळत होते. मिळालं तेव्हा ज्याने द्यायला हवं होतं तो मिळाला नाही, हा दुसराच कोणी मिळाला.

अर्ज उद्यापरवा द्यायचा होता. दिला नाही. अजून डॉक्टरांची परवानगी नाही.

९ जानेवारी, गुरुवार

शाळा सुरू झाल्या. कामावर नवीन डोकेदुखी. आजपासून टीव्हीवर दर गुरुवारी 'हरवलेला एप्रिल' नावाची मालिका सुरू झाली. एक पियानो शिकवणारी मुलगी सायकलवरून पडते आणि आपल्या प्रियकराला विसरते. ओकी-सान कांदे चिरता चिरता म्हणाली, "चिगुसा, अगं हुबेहूब तुझं!"

हुबेहूब म्हणे. ती मुलगी पडली तरी केसाची एक बट हलली नाही. तो प्रियकर इमारतींचे नकाशे काढतो, त्याची बैठकीची खोली आमच्या शाळेच्या व्यायामशाळेएवढी. तिला धक्का बसू नये म्हणून आपण शेजारी नवीन राहायला आलोय असं तो सांगतो आणि खिडकीत उभा राहून डोळ्यांत पाणी आणतो. त्याला कामावर जावं लागत नाही, कपडे धुवावे लागत नाहीत. सासूबाईंनी मात्र मालिका अशी मनावर घेतली आहे की हातात वही घेऊन बघतात.

२३ जानेवारी, गुरुवार

आठवड्यापासून तो कारखान्यात जातो. मालकांनी फोन करून सांगितलं, मशीन नवीन आहेत ती त्याला आठवली नाहीत, पण पॉलिशच्या चाकापाशी उभा राहिला आणि फ्रेम हातात घेतली तशी बोटं आपोआप फिरायला लागली. घरी आला तो बोलतच आला. कोणती फ्रेम, कुठे खरखर होती, ती कशी घालवली. मी भात वाढत होते, तो बोलत होता. मध्येच थांबून त्याने विचारलं, "मी कामाचं फार बोलतो का? कंटाळा येत असेल तुम्हाला."

मी म्हटलं, बोल.

त्याची वही जेवणाच्या टेबलावर उघडी होती. वाचायची नव्हती, नजर पडली. "नाश्ता भात, खारवलेला मासा. दुपारी डबा, त्यात गोड अंडं. चिगुसा-सान आज दोनदा हसल्या." नर्सने सगळं लिहा म्हणून सांगितलंय, तर हा बापडा सगळंच लिहितो.

१ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाईंच्या वहीतला पहिला उपाय आज झाला. मालिकेत तो प्रियकर तिला पहिल्यांदा भेटले त्या बागेत नेतो आणि तिचं डोकं दुखायला लागतं, म्हणजे आठवण जवळ आली. सासूबाई हट्टाला पेटल्या, तुम्हीही जा.

आमची पहिली भेट बागेतली नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या व्यापारी मंडळाने लग्नाचं वय उलटून चाललेल्या लोकांसाठी बसची सहल काढली होती. वीस बाप्ये, वीस बाया, समुद्रकाठी नेऊन खेकड्याचं जेवण. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला माझा दंडवत. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे की पुढ्यात खेकडा आला की माणूस मुका होतो. चाळीस जण तासभर माना खाली घालून नांग्या फोडत बसले, कोणी कोणाशी बोललं नाही. त्या सहलीतून एकच लग्न जमलं, आमचं.

तर आज पुन्हा तीच खाणावळ, तोच समुद्र, बाहेर गारांचा पाऊस. त्याला काही म्हणता काही आठवलं नाही. डोकंसुद्धा दुखलं नाही. खेकडा आला आणि आम्ही दोघे मुके झालो. थोड्या वेळाने बघते तर माझ्या ताटलीत सोललेल्या गराचा ढीग. तो आपला एकेक पाय फोडतोय, गर माझ्याकडे सरकवतोय आणि स्वतः कवचं चोखतोय.

सहा वर्षांपूर्वीही त्याने हेच केलं होतं. मी तेव्हा त्यावरच भाळले होते, हे मी विसरूनच गेले होते. अर्थात हाताला सवय असते, त्यात एवढं काय. परत येताना गाडी मी चालवली, तो सगळा वेळ बाहेर बघत होता आणि गुणगुणत होता.

सासूबाईंना फोनवर सांगितलं, उपाय लागू पडला नाही. त्या म्हणाल्या, "मग तू का एवढी खुशीत आहेस?" या बाईला काहीही ऐकू येतं.

९ फेब्रुवारी, रविवार

बर्फ. दिवसभर घरात, खालून तापणाऱ्या ठेंगण्या टेबलात पाय घालून. ओकी-सानने लाल चवळीच्या गोड जेलीसारखं गार योकान दिलं होतं, थंडीत थंडच खायचं, दोघांनी एका डब्यात चमचे घातले. सासूबाईंनी मालिकेचे सगळे भाग भरून आणले होते, म्हणून तिघे बघत बसलो.

पाचव्या भागात कळतं की तो प्रियकर आणि ती अपघाताआधी वेगळे झालेले होते. भांडून. आणि हा शेजारी बनून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोय. सासूबाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, काय ते प्रेम.

कियोताकाने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "पण हे बरोबर नाही. तिने आधी एक ठरवलं होतं. हा ते लपवतोय. उद्या तिला कळलं तर आजचं सगळं खोटं वाटेल तिला."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी उठून भांडी घासायला गेले. घासायला दोन चमचे होते.

१० फेब्रुवारी

डॉक्टरांनी सांगितलं, आठवण परत येईल याची आता फारशी आशा धरू नका, पण प्रकृती उत्तम आहे, काहीही सांगायला हरकत नाही. म्हणजे माझी सबब संपली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नाही सांगितलं.

रोज सहाला उठून माझ्या गाडीवरचा बर्फ काढून ठेवतो. हे तो आधीही करायचा. तेव्हा मी ओकी-सानला सांगायचे, त्याला फावडं बायकोपेक्षा प्रिय आहे. आता काढून झाल्यावर आत येऊन सांगतो, "चिगुसा-सान, आज काच घट्ट गोठली होती, सावकाश जा." काम तेच, फक्त त्याच्या मागे एक वाक्य आलंय. आणि मला मेलीला त्या वाक्यासाठी सकाळी उठावंसं वाटतं.

कानाझावाहून पुन्हा फोन. जागा अजून रिकामी आहे, मार्चअखेर कळवा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मागे एकदा त्याने माझ्या चेहऱ्याचं माप घेतलं होतं. कानापासून कानापर्यंत, नाकाचं, डोळ्यांमधलं. सराव करायचाय म्हणाला, मला खरं वाटलं. आज चष्मा आणून दिला. फ्रेम स्वतः कापलेली, स्वतः घासलेली, जर्द मधाच्या रंगाची. स्वयंपाकघरातल्या वाफेत माझा चष्मा घसरतो हे त्याच्या लक्षात आलं होतं, म्हणून काड्या मागे जरा जास्त वळवलेल्या. घातला तर वजनच जाणवेना. तो माझ्याकडे असा बघत बसला की मी आरशाकडे तोंड फिरवलं.

माझं या माणसावर प्रेम बसलंय. चव्वेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्याच नवऱ्यावर, आणि सह्या झालेला अर्ज घरात असताना. त्याला वाटतंय आपण बायकोशी चांगलं वागतोय. बायको कसली, चोर आहे मी. जो माणूस सही करून मोकळा झाला होता त्याचं हे सगळं मी फुकट खातेय.

उद्या सांगणार.

१ मार्च, शनिवार

सांगितलं. कागद काढून टेबलावर ठेवला, जसा तेव्हा ठेवला होता तसाच.

त्याने दोन्ही हातांनी उचलून वाचला. म्हणाला, "अक्षर माझंच आहे." मग विचारलं, का. मी सांगितलं. मारहाण नाही, दारू नाही, बाई नाही. बोलत नव्हतास. मी घरात आहे की नाही हे तुला कळत होतं की नाही तेच मला कळत नव्हतं. जा म्हटलं की जा, थांब म्हणायला तोंड नाही. आठवत नसलेल्या माणसाच्या तक्रारी मी त्याच्याचपुढे करत होते आणि तो मान खाली घालून ऐकत होता.

शेवटी कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तुम्ही हे विचार करून ठरवलं होतं. मी पडलो म्हणून तुम्ही अडकून पडू नये. द्यायचा असेल तर द्या, मी अडवणार नाही."

झालं की मग. जा म्हटलं की जा. सहा वर्षं गेली तरी माणूस तोच.

७ मार्च, शुक्रवार

आठवडाभर घरात दोन पाहुणे राहतात. तो जेवत नाही. डबा अर्धा परत येतो. मधूनच तोंड उघडतो, पुन्हा मिटतो. एकदा मी कपडे वाळत घालत होते तर मागे येऊन उभा राहिला, मी वळले तर म्हणाला, चिमटे हवेत का. चिमटे माझ्या हातातच होते. बहुतेक खोली शोधायची असेल आणि सांगायला संकोच वाटत असेल.

त्याची वही हल्ली कोरी असते. मीच बघितलं.

१३ मार्च, गुरुवार

आज मुलांचं शाळा संपण्याआधीचं खास जेवण होतं, लाल भात आणि तळलेली कोंबडी. ते पाठवून दुपारी सुट्टी घेतली आणि अर्ज घेऊन नगरपालिकेत गेले. राग होता, खोटं कशाला बोलू. अडवणार नाही म्हणतो ना, मग बघ.

खिडकीवरच्या बाईंनी सह्या पाहिल्या, शिक्के पाहिले, आत जाऊन संगणकावर काहीतरी बघून आल्या. म्हणाल्या, "माफ करा, हा अर्ज आम्हाला घेता येत नाही. तुमच्या यजमानांनी, आपल्या नावाचा घटस्फोटाचा अर्ज आला तर स्वीकारू नये, असं लिहून दिलेलं आहे."

असा एक फॉर्म असतो. नवऱ्याने किंवा बायकोने स्वतः जाऊन भरायचा, मग दुसऱ्याने कितीही सह्या नेल्या तरी कारकून हात लावत नाही. कधी भरला विचारलं तर त्या म्हणाल्या, ते फक्त त्यांनाच सांगता येईल. मला सांगायची गरजच नव्हती. गेल्या आठवड्यात भरला असणार. तोंडावर द्या म्हणायचं आणि मागून जाऊन कडी घालायची.

तो कारखान्यातून आला तसा मी दारातच त्याला धरला. काय काय बोलले ते लिहीत नाही. सरळ बोलायची हिंमत नाही, कारकुनांच्या पदराआड लपतोस, असंही म्हटलं. तो बूट हातात धरून उभा. शेवटी म्हणाला, "चिगुसा-सान, मी नगरपालिकेत गेलोच नाही. असा फॉर्म असतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

खोटं बोलणारा चेहरा नव्हता तो. मला खोट्याची पारख आहे, तीन महिने मीच तो चेहरा करून फिरतेय.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई ओरडत होत्या, शेवटचा भाग लागलाय, टीव्ही लावा, तिला आठवलं, स्टेशनवर सगळं आठवलं! मी म्हटलं बरं झालं, आणि फोन ठेवला. कियोताका बूट खाली ठेवून हळूच म्हणाला, "मी नाही. मग पडायच्या आधीच्या त्याने भरला असेल."

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी दोघेही कामावर उशिरा येतो म्हणून सांगून नगरपालिकेत गेलो. पुलावरून जाताना त्याने कठडा धरला, मी त्याचा कोट धरला.

त्याच बाई. त्याने ओळखपत्र दाखवलं. त्यांनी फाइल आणून एक कागद समोर ठेवला. त्याचं अक्षर, जरा घाईतलं. त्याचा शिक्का, किंचित तिरका. खाली कचेरीची नोंद: ३ डिसेंबर, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं.

साडेनऊला तो पुलाच्या पायऱ्यांवरून पडला. कारखान्यात जात होता. अर्ध्या दिवसाची सुट्टी संपायच्या आत परत निघाला होता.

मी खुर्चीत बसले. पाच दिवस तो माणूस माझ्यासमोर जेवला, अंघोळ केली, झोपला. सही केल्याचं त्याला खुपत होतं आणि त्याने मला सांगितलं नाही. दाताचं खोटं सांगून सुट्टी घेतली आणि खिडकीवरच्या एका परक्या बाईला येऊन लिहून दिलं की माझी बायको जाऊ देऊ नका. मला त्याला मिठी मारायची होती आणि दोन थोबाडीत द्यायच्या होत्या. दोन्हीसाठी तो आता नाही.

कियोताकाने तिरक्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मूर्ख माणूस. हे घरी सांगायचं असतं." बाईंनी मास्कच्या आत खोकला काढला. नंतर तो त्यांना म्हणाला, हा फॉर्म मला मागे घ्यायचाय.

त्याने मागे घेण्याचा कागद भरला, शिक्का मारला, सरळ, आणि मग माझ्याकडे वळला. ओळीत चार माणसं उभी होती, त्याला त्यांचं भान नव्हतं.

"तुम्हाला बाहेरून कडी घालून घरात ठेवायचं नाही मला. आता अर्ज देता येईल तुम्हाला, कोणी अडवणार नाही. पण त्या दिवशी मी अर्धंच बोललो. आठवडाभर उरलेलं बोलायचा प्रयत्न करतोय. देऊ नका. मला तुम्ही हव्या आहात. आधीचं काही आठवत नाही, पण तीन महिन्यांचं सगळं आठवतं, आणि मला तेवढं पुरतं. कानाझावाला जायचं तर जा, संध्याकाळी स्टेशनवर मी न्यायला येईन."

जायचं तर जा. शब्द तेच, नोव्हेंबरमधलेच. त्याच्या पुढचं वाक्य तेव्हाही त्याच्या पोटात असेल का, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. मला वाटतं असेल.

मी उठले आणि खिडकीवर जाऊन म्हटलं, तोच फॉर्म मला द्या. बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "मागे घेण्याचा? तो तर यांनी आत्ताच..."

"स्वीकारू नये तो," मी म्हटलं. "त्यांचा त्यांनी मागे घेतला. हा माझा."

भरला. नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव. कारण लिहायला जागा नसते, बरंच आहे. बाईंनी घड्याळ बघून वेळ लिहिली, दहा वाजून चाळीस. मागचा एक म्हातारा म्हणाला, झालं का तुमचं, मला घराच्या कागदावर एक शिक्का पाहिजे फक्त.

बाहेर आलो तर ऊन होतं आणि पायऱ्यांवरचा बर्फ वितळून वाहत होता. कियोताकाने विचारलं, मी तो फॉर्म भरला त्याचा अर्थ त्याने काय समजायचा. मी म्हणणार होते, जाऊन वाच की. पण मग माझ्यात आणि तीन डिसेंबरच्या त्या मूर्खात फरक काय राहिला? म्हणून तिथेच, नगरपालिकेच्या दारात, येणारे जाणारे बघत असताना मी त्याला तोंडाने सगळं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, रडत, नाक पुसत.

काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. ज्याला सांगायचं होतं त्याने ऐकलंय.